अडल्या विद्यार्थ्याचं विद्यापीठ

मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं, आणि एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. गौरवाच्या लेखांची सुरुवात इथूनच होते आणि ते रीतीला धरून आहे. पण मला या स्मरणिकेसाठी दिलेला विषय जरा वेगळा आहे. विद्यार्थ्यावर वेळ आली तेव्हा विद्यापीठ त्याच्यामागे कसं उभं राहिलं, हे बीड जिल्ह्याच्या बाजूने मांडायचं आहे. त्यासाठी 1958 च्या मागे वीस वर्षं जावं लागतं. मराठवाड्याच्या पोरांना अडचणीत हात देणारं पहिलं विद्यापीठ आपलं नव्हतं, ते नागपूरचं होतं.

1938 साली बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मॅट्रिकनंतर फार तर औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजापर्यंत जाता यायचं. पदवी हवी तर हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, तेही उर्दू माध्यमातून. त्या वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांनी प्रार्थनेला 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला, बंदी आली, आणि ठिणगी हैदराबादच्या वसतिगृहांपर्यंत गेली. मुलं हटली नाहीत. शेकडोंना वसतिगृहातून आणि पुढे कॉलेजातून काढून टाकलं. पोरं रस्त्यावर आली, घरी जायची सोय नाही, दुसरीकडे कुणी घेईल याची खात्री नाही. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. संस्थानातून हाकललेली, उर्दूतून शिकलेली, खिशात काही नसलेली मुलं. एका विद्यापीठाने त्यांची नावं कमी केली आणि दुसऱ्याने लिहून घेतली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव या चळवळीतले. त्यांची कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाचीच.

केदारांनी निधी उभा केला, समिती नेमली, अहवाल मागवला, असं कुठे ऐकलेलं नाही. वर्गात बसायला जागा दिली, बस्स. पुढे ज्या ज्या वेळी आपल्या भागातल्या विद्यार्थ्यावर संकट आलं, तेव्हा त्याला नेमकी हीच गोष्ट लागत होती: वर्गात जागा, रात्री अंग टाकायला खोली, दोन वेळचं जेवण. फीचा नंबर त्यानंतरचा. आणि आपल्या विद्यापीठाने, सरकारने, संस्थांनी मदतीचा हात आखडला नसला तरी तो बहुतेक वेळा फीपासूनच सुरू केला. माझ्या या लेखाचं सूत्र एवढंच आहे. ते पटतं की नाही हे वाचणाऱ्याने ठरवावं.

त्याच काळात जिल्ह्यात एक गोष्ट घडत होती. अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, 1917 साली सुरू झालेली योगेश्वरी संस्था होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून आलेले स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक झाले. स्वामीजी 1938 ला सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा म्हणजे चार वर्गखोल्या असं त्या मंडळींनी कधी मानलं नाही, हे मात्र कमी लिहिलं जातं. शिक्षक आणि मुलं एकत्र राहत, खात. बीड जिल्ह्यातल्या शिक्षणाची जी जुनी घडण आहे ती या राहण्या-खाण्यातून आलेली आहे.

1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढे त्याचंच नाव मिलिंद महाविद्यालय झालं. पदवीसाठी हैदराबाद गाठण्याची सक्ती संपली. पाटोद्या-आष्टीच्या दलित वस्तीतल्या मुलाने तोपर्यंत पदवीच्या वाटेला जाणं अवघड होतं. मिलिंदमुळे त्याला शहरात पाय ठेवायला जागा झाली. विद्यापीठ आठ वर्षांनी आलं, न्या. पळणिटकर समितीच्या शिफारशीवरून. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्याच्या छायेत आले. बीडला बलभीम, अंबाजोगाईला योगेश्वरीचं कॉलेज, मग तालुक्यातालुक्यात महाविद्यालयं होत गेली. त्या सगळ्यांची जंत्री या स्मरणिकेत दुसरीकडे येणार आहे.

मला इथे थांबायचं आहे ते डब्यापाशी.

बाहेरगावच्या वाचकाला हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी इथे शिकणारा खेड्यातला मुलगा चौघांत मिळून एक खोली घेतो. खानावळ परवडत नाही. मग आई पहाटे उठून भाकरी थापते, कोरड्यास घालते, झाकणावर पोराचं नाव रंगवलेला पत्र्याचा डबा कापडात बांधते आणि सकाळच्या पहिल्या गाडीने पाठवते. एसटीच्या ड्रायव्हरशेजारी, बॉनेटवर, असे दहा-वीस डबे खडखडत येतात. स्टँडवर पोरं उभी असतात. गाडी लागली की आपापला डबा उचलायचा, कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. सकाळी कॉलेजला जाताना अर्धं खायचं, अर्धं रात्रीला ठेवायचं. उन्हाळ्यात वरण आंबतं, म्हणून चटणी, पिठलं, ठेचा असलं टिकणारं जास्त. कधी डब्यात चिठ्ठी असते, कधी पन्नासाची नोट भाकरीच्या घडीत. या व्यवस्थेचा कागद कुठल्याही कार्यालयात नाही, तिला अनुदान नाही, पण मराठवाड्यातल्या उच्च शिक्षणाची सगळ्यात मोठी मेस हीच आहे. विद्यार्थी पासाला एसटी दोन तृतीयांश सवलत देते. डब्याची ने-आण चालक-वाहकांच्या भलेपणावर चालते.

डबा आला नाही की घरात काहीतरी बिघडलं आहे, हे खोलीतल्या मित्रांना सगळ्यांत आधी कळतं. कॉलेजला कळतं ते महिन्याने, हजेरी कमी पडल्यावर. विद्यापीठाला कळतं परीक्षेचा फॉर्म आला नाही तेव्हा.

1972 चा दुष्काळ या विद्यापीठाची पहिली मोठी कसोटी. विद्यापीठ चौदा वर्षांचं होतं, त्यातली बरीच पोरं घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. बीड जिल्हा होरपळला. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग अशी दुष्काळी कामं निघाली. सुकडी वाटली गेली, अमेरिकेची तांबडी मिलो लोकांनी नाक मुरडत खाल्ली. कॉलेजातली पोरं सुट्टीत आणि सुट्टी नसतानाही हजेरीपटावर नाव लावून खडीवर बसली. त्या पिढीतले प्राध्यापक पुढे भेटले की हाताला पडलेले घट्टे दाखवायचे. याच दुष्काळातून रोजगार हमी योजना राज्यभर रुजली, 1979 पासून तिला कायद्याचं बळ मिळालं. विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र एक कलम आलं: टंचाईग्रस्त गावांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ.

हे कलम आजही जिवंत आहे. दुष्काळ जाहीर झाला की सरकारी आदेशात ठरलेली यादी येते. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, टँकर, पंपाची जोडणी न तोडणं, आणि त्यातच विद्यार्थ्यांचं परीक्षा शुल्क. शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलतींच्या रांगेत विद्यार्थी बसवलेला आहे, हे वाईट नाही. पण माफी चालते कशी ते पाहण्यासारखं आहे. माफी गावाला मिळते, मुलाला नाही. गावाची पैसेवारी 50 च्या आत आली तर गाव यादीत. 51 आली तर शेजारच्या शिवारातलं तेच करपलेलं रान बाहेर. पैसेवारीचा अंतिम आकडा येतो डिसेंबरअखेर, आणि पहिल्या सत्राचे फॉर्म त्याआधीच भरून झालेले असतात. म्हणजे फी आधी भरायची, परतावा नंतर. काउंटरवर उभ्या मुलाने ऊसतोडीच्या मुकादमाकडून, सावकाराकडून, मामाकडून उसने आणून ती भरलेली असते. मग बँक पासबुकाची झेरॉक्स, तलाठ्याचा दाखला, बोनाफाईड. परतावा येतो तेव्हा पोरगं पुढच्या वर्गात गेलेलं असतं, कधी कॉलेजच सुटलेलं असतं. खिडकीच्या आत बसलेल्या क्लार्कचा यात दोष नाही. तोही त्याच भागातला, त्याच्या घरीही तीच पैसेवारी. 2018 च्या 31 ऑक्टोबरला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात बीड जिल्हाही होता. तेव्हाही आधी फी आणि नंतर परतावा, वाट हीच.

दुष्काळानंतर दोन वर्षांनी विद्यार्थीच रस्त्यावर उतरले. 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन नोकऱ्या, रेल्वे, सिंचन यांसाठी होतं, आणि वसमतच्या गोळीबारात विद्यार्थी मारले गेले. आंदोलनाने बऱ्याच गोष्टी मिळाल्या म्हणतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याच साली, 1974 ला सुरू झालं. ग्रामीण भागासाठी काढलेलं तसं आशियातलं ते पहिलं कॉलेज म्हणून ओळखलं जातं. रेल्वेचं म्हणाल तर परळीला ती आधीपासून होती. बीड शहरात पहिली गाडी यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडला.

यापुढचं पान गौरवाच्या लेखात टाळण्याची पद्धत आहे. मी टाळत नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. ज्यांची घरं जळाली त्यांच्यातली शिकणारी मुलं याच विद्यापीठाची होती. ज्यांनी मोर्चे काढले त्यांच्यातही याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते, त्यांना शिकवणारे प्राध्यापकही होते. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, मधे सोळा वर्षं गेली. त्या सोळा वर्षांत गावात परत जाता न येणाऱ्या मुलासाठी विद्यापीठ ही संस्था म्हणून काय होती, याचा लेखाजोखा विद्यापीठाने स्वतः मांडायला हवा. मिलिंदच्या नागसेनवन परिसरातली वसतिगृहं आणि चळवळीतले कार्यकर्ते यांनी जे केलं ते त्यांच्या खात्यावर जमा आहे, आपल्या नाही. दरवर्षी 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीचा गणपती विसर्जित करून लोक झोपले होते. किल्लारी आणि परिसरात भूकंपाने सुमारे 8,000 माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद हे तेव्हा आपल्याच विद्यापीठाचे जिल्हे, आणि अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालयही तेव्हा आपल्याच विद्यापीठाला जोडलेलं. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं ढिगारे उपसायला गेली. मदतीला धावून जाण्यात मराठवाड्याचा विद्यार्थी कधी कमी पडलेला नाही. मदत घ्यायची वेळ आली की त्याला संकोच होतो, ही वेगळी गोष्ट. भूकंपानंतरचं एक काम मात्र मला आजही सगळ्यांत नीट विचारलेलं वाटतं, आणि ते विद्यापीठाबाहेरचं आहे. बीड जिल्ह्यातले शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली 1,200 मुलं पुण्याला नेली, आणि वाघोलीला त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय उभी राहिली. तात्पुरत्या शेडमध्ये शाळा सुरू करून आणि वह्या वाटून फोटो काढता आले असते. त्यांनी आधी राहण्याची सोय केली, मग शाळा. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतली मुलंही त्याच वाघोलीला गेली.

1994 च्या सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं आणि पसारा आटोपला. बीड मात्र औरंगाबादकडेच राहिला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून विद्यापीठ सव्वाशे किलोमीटरवर, आष्टी-पाटोद्याहून त्याहून लांब. उपकेंद्र उस्मानाबादला झालं. बीडच्या विद्यार्थ्याला मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायची तर एक दिवस, एक मजुरी आणि दोन तिकिटं मोडतात. आता बरंचसं ऑनलाइन झालं आहे, तरी 'एकदा येऊन जा' हे वाक्य अजून गेलेलं नाही.

विद्यापीठाने स्वतः जे उभं केलं त्यात मी 'कमवा व शिका' योजनेला सगळ्यांत वर ठेवीन. कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची, साताऱ्याच्या मातीतली. पण मराठवाड्यात ती मुरली. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागेला पाणी घालणं, विभागात टंकलेखन अशी दिवसातले काही तास कामं करून मुलाला मानधन मिळतं. रक्कम फार नसते. पण त्यात मेसचं बिल निघतं, आणि मुख्य म्हणजे त्या मुलाचं नाव कुणाच्या तरी रोजच्या हजेरीत असतं. दोन दिवस दिसला नाही तर ग्रंथपाल विचारतो. अडचणीतला विद्यार्थी ओळखण्याची याहून साधी तजवीज मला माहीत नाही. विद्यापीठाच्या बागेतल्या झाडांना पाणी घालून प्राध्यापक झालेली मंडळी आज जिल्ह्यातल्या कॉलेजांत मोठ्या पदांवर आहेत. काहींना त्याची आठवण सांगायला आवडतं, काहींना नाही.

2012-13 पासून 2016 पर्यंतची वर्षं पुन्हा वाईट. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते एप्रिल 2016 ला. 2015 या एका वर्षात बीड जिल्ह्यात सुमारे 300 शेतकऱ्यांनी जीव दिला. वर्गात बसलेल्या पोरांपैकी कुणाचे वडील गेले, कुणाचे चुलते, कुणाचा थोरला भाऊ. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलीने एसटीच्या पासालाही पैसे नाहीत या विवंचनेत जीवन संपवल्याची बातमी आली, आणि दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना एसटीचा पास मोफत करण्याचा निर्णय झाला. निर्णय चांगला. पण पास हे तिच्या ओझ्यातलं शेवटचं काडीएवढं वजन असणार. आत्महत्येचं एकच कारण कधी नसतं, हे मानसोपचारतज्ज्ञ सांगून दमले. आपली यंत्रणा जे कारण चिठ्ठीत वा बातमीत सापडेल तेवढ्यावर योजना काढते.

या काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे बीडला आले, आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायकांना धनादेश दिले, त्यातून 'नाम' फाउंडेशन उभं राहिलं. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं 'शांतिवन' त्याच्या बरंच आधीपासून काम करत होतं, आधी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी, मग आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या मुलांसाठी. बाबा आमटेंच्या शिबिरांतून आलेली ही माणसं. शांतिवनाने मुलांना शाळेपुरतं ठेवलं नाही, बारावीनंतर शहरात शिकायला जाणाऱ्यांची पाठही सोडली नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की मूल अडचणीतून बाहेर आलं, असं सरकारी योजनांचं गृहीत असतं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाला शहरात गेलेला मुलगा बारावीतल्या मुलापेक्षा जास्त एकटा असतो.

ऊसतोडीचा विषय निघाला आहे तर तो नीट सांगतो, कारण बीडच्या विद्यार्थ्याचं संकट म्हणजे अधूनमधून येणारा दुष्काळ एवढंच नाही, ते दरवर्षी दसऱ्यानंतर येतं. मुकादम उचल देतो, टोळी कारखान्यावर जाते, आणि मार्च-एप्रिलपर्यंत गाव रिकामं. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. घरातला थोरला मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असेल तर बापाच्या पाठदुखीच्या वर्षी तोच कोयत्यावर जातो. मुलीचं लग्न आटोपलं की एक जबाबदारी कमी आणि तिकडे एक कोयता जास्त, हा हिशेबही इथे मांडला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाल्याचं आढळलं. त्यातल्या किती जणी आपल्या पटावर होत्या?

विद्यापीठाचं वेळापत्रक या मुलांना अचूक चुकवतं. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या मागेपुढे, म्हणजे टोळी हलल्यावर. दुसरं सत्र संपतं तोवर फडातून आलेला मुलगा पहिल्या सत्राचे राहिलेले विषय घेऊन बसलेला. 75 टक्के हजेरीचा नियम आहेच. जिल्ह्यातली कॉलेजं तो नियम डोळे मिटून पाळतात, म्हणजे पाळत नाहीत, आणि त्यामागे दया असते हे मी मान्य करतो. पण या दयेमुळे मुलगा कागदावर नियमित दिसतो आणि त्याची अडचण कुठल्याच तक्त्यात येत नाही. शाळकरी मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं निघाली. 2021 ला संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजना आली: दहा जिल्ह्यांतल्या 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलांची. कॉलेजात गेलेल्यासाठी स्वाधार आणि त्यासारख्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलाला महानगरांबाहेर वर्षाला 43,000 रुपये खात्यावर, अशी स्वाधारची मूळ तरतूद 2016-17 ची. वसतिगृहात जागा नाही याची ती सरकारी कबुलीच आहे, आणि पैसे येईपर्यंत घरमालक थांबत नाही. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. पुन्हा फी. त्या निर्णयानंतर मुलींच्या वसतिगृहांबाहेरची रांग वाढली, ते स्वाभाविकच होतं.

कोरोनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी थोडक्यात आटोपतो. मार्च 2020 मध्ये वसतिगृहं रिकामी केली. त्याच वेळी हजारो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांत अडकले; त्यांना तपासणी करून गावी जाऊ द्यायचा आदेश 17 एप्रिलला निघाला. म्हणजे बरीच मुलं रिकाम्या घरी परतली. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑगस्टच्या निकालानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षा झाल्या, आणि बालाघाटच्या डोंगराळ गावांतली पोरं रेंजसाठी टेकाडावर चढून पेपर देत होती. महाविद्यालयं 20 ऑक्टोबर 2021 ला उघडली. आता सुरळीत होईल म्हणेपर्यंत आठवड्याभरात एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या हा इथला मुद्दा नाही. स्टँडवर डबे यायचे बंद झाले, हा आहे. वडाप जीप डबा आणायची तर पैसे मागायची. कोरोनात खचलेल्या घरातली मुलं वडापाव आणि बिस्किटावर दिवस काढत होती, काही खोली सोडून गावी गेली ती परत आलीच नाहीत. ही गळती महामारीच्या खात्यावर लिहिली गेली. काही कॉलेजांत प्राध्यापकांनी वर्गणी काढून खिचडी शिजवली, गावोगावच्या तरुणांनी मोटरसायकलवरून डबे पोचवले. या मदतीची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून इथे ठेवतो.

मनाच्या दुखण्याकडे विद्यापीठं उशिरा वळली, आपणही उशिरा वळलो. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ आलं. कॉलेजांत समुपदेशन कक्षाच्या पाट्या लागल्या. बहुतेक ठिकाणी ते काम मानसशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे तासिकांवर जादा म्हणून असतं. त्यांच्याकडे जाताना पोराला भीती वाटते ती वेगळीच: हेच सर अंतर्गत गुण देणार आहेत. शिवाय लहान गावात कक्षाच्या दारात दिसलं की संध्याकाळपर्यंत आळीत माहिती. म्हणून मला दूरचा, तोंड न दिसणारा आवाज जास्त उपयोगी वाटतो. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे, 14416 या क्रमांकावर, चोवीस तास, मराठीत, मोफत. हा नंबर प्रत्येक हॉल तिकिटाच्या मागे छापायला विद्यापीठाला किती खर्च येईल? आणि फोनने भागत नसेल तर अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, औषधाला पैसे लागत नाहीत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचं बंधन घातलं. आपल्या जिल्ह्यातली जवळपास सगळीच महाविद्यालयं त्यात येतात. नेमणूक तासिका तत्त्वावर, वर्षातून नऊ महिने, असं झालं तर पाटी बदलेल आणि काम तेच राहील.

हे लिहीत असताना सप्टेंबर 2025 चा पूर डोळ्यांसमोर आहे. जन्मभर टँकर पाहिलेल्या जिल्ह्यात सिंदफणा आणि गोदावरी घरात शिरल्या. सोयाबीन, कापूस तर गेलाच. ट्रंकेत ठेवलेली दहावी-बारावीची गुणपत्रकं, जातीचे दाखले, टीसी यांचा लगदा झाला. सरकारने 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि दुष्काळातल्या सवलती लागू केल्या, परीक्षा शुल्क माफीसह. माफी मागायला अर्ज, अर्जाला दाखले, आणि दाखले पाण्यात. दुय्यम गुणपत्रकाची फी माफ करणं, बोर्ड आणि विद्यापीठाने तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस बसून गुणपत्रकं जागेवर देणं, ही कामं पॅकेजात मावणारी नव्हती. ती संस्थेने स्वतःहून करायची असतात, केदारांनी केली तशी.

पुढची स्मरणिका निघेल तेव्हा या प्रकरणासाठी माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या आठवणींवर अवलंबून राहू नये. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाकडून तीन आकडे मागवावेत: वसतिगृहात खाटा किती, त्यासाठी अर्ज किती आले, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला किती विद्यार्थी गेले. पहिले दोन कॉलेजच्या कपाटात आहेत. तिसरा वर्गशिक्षकाला तोंडपाठ असतो, फक्त त्याला कुणी विचारलेलं नाही.